कार्बोरेटरवरचं फडकं

जळगावात दिवाळीपासून होळीपर्यंत गाडीच्या कार्बोरेटरला फडकं बांधायची रीत होती. बाहेरगावचा मिस्त्री ते पहिल्यांदा बघायचा तेव्हा हसायचा, आणि आठ दिवसांत स्वतःच्या जुन्या धोतराचा तुकडा फाडून बांधायचा. कापसातली सरकी काढणारे जीन सुरू झाले की गावभर रुईचे तंतू उडत. चहाच्या बशीत, भाकरीच्या पिठात, माणसाच्या भुवयांत, सगळीकडे रुई. इंजिन हवा ओढतं ती याच हवेतली, म्हणून कार्बोरेटरच्या तोंडावर मलमलीचा एक पदर सुतळीनं बांधायचा. रीतीचा दुसरा अर्धा भाग असा, की गाव मागं पडलं, मोकळी हवा लागली की ड्रायव्हरनं खाली उतरून फडकं काढायचं. गाडी मोकळा श्वास घेते आणि चांगली ओढते. हे गावातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं. माझ्या भावाला तर सगळ्यांत आधी ठाऊक होतं, कारण मला ते त्यानंच शिकवलं होतं.

स्वातंत्र्यानंतरची सहा-सात वर्षं गेली असतील. मी तेव्हा स्टेशनरोडच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. वय अठ्ठावीस, लग्न झालेलं, हात चांगला. चांगला म्हणजे काय, गावात माझ्यासारखा दुसरा नव्हता, आता म्हातारपणी लाजून काय करू. पण गॅरेज दुसऱ्याचं. गिऱ्हाईक माझं नाव काढत यायचं आणि पाटी मालकाची वाचून जायचं. मला ते सलायचं. रोज सलायचं.

माझा मोठा भाऊ एका कापूसवाल्या शेठकडे ड्रायव्हर होता. शेठचं घराणं तीन पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं; दोन जीन, गाठी बांधायची एक प्रेस, आणि कापसाच्या भावात पुढचं बघणारी नजर. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पारोळ्याजवळच्या आमच्या गावातून भावानं मला उचलून आणलं, स्वतः ट्रकवर क्लीनरकी केली, मला खाऊ घातलं, गॅरेजात चिकटवून दिलं. पाना कुठल्या बाजूला फिरवला की नट सुटतो, हे मला त्यानं शिकवलं. मी त्याला भाऊ म्हणायचो आणि त्याच्यासमोर विडी ओढायचो नाही. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता, आणि हे त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही कायम ध्यानात असायचं.

शेठनं मुंबईहून एक गाडी आणली. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची. दोन माणसांची, बिनटपाची, लाल, जमिनीला चिकटलेली. दोन कार्बोरेटर. जळगावच्या रस्त्यावर तिच्यापुढं बैलगाडी आली की बैलाचं पोट दिसायचं, बैल दिसायचा नाही. असली गाडी कापसाच्या गावात कशाला हवी, असं कुणी शेठला विचारलं नाही, कारण सगळ्यांना कारण माहीत होतं. धुळ्याला शेठचा साडू होता, त्याच्याकडे लांबलचक अमेरिकन गाडी होती, आणि प्रत्येक लग्नात तो शेठच्या आधी पोचायचा.

साडूसाडूंची पैज लागली. पारोळ्याच्या नाक्यावरून निघायचं, धुळ्याच्या अलीकडच्या नाक्यावर पोचायचं, सकाळच्या वेळी. हरेल त्यानं सगळ्या सोयऱ्यांना जेवण घालायचं. शेठनं मला बोलावून घेतलं.

"मिस्त्री, या गाडीतून जास्ती पॉवर निघेल का?"

"निघेल," मी म्हटलं.

"मग काढ. साडूच्या पुढं पोचलो, तर नेरीनाक्याजवळची माझी शेड तुझी. गॅरेज टाक. भाडं वर्षभर मागणार नाही."

भाऊ शेजारी उभा होता, टोपी हातात घेऊन. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. मी हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण पुढं जे झालं त्यात हे विसरायला सोपं जातं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी बाजारातून नारळ आणला, शेडच्या दारात फोडायला, आणि तो देवळीत नीट उभा करून ठेवला. मी म्हटलं, अजून कशात काही नाही. ती म्हणाली, नारळ काय कुजतो का लगेच.

आता पॉवर कशी काढतात ते सांगतो. लोकांना वाटतं पेट्रोल जास्त ओतलं की गाडी जोरात पळते. नाही. चूल बघा. ओल्या लाकडाचा धूर होतो, नुसत्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घातल्या तर भक्कन पेटतं आणि तवा जळतो. इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी झाली, तर काळा धूर, गाडी जड. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं, तर गाडी हलकी हलकी लागते, पळते, माणूस खुश होतो, आणि आत सगळं पेटत्या भट्टीसारखं तापतं. पॉवर या दोघांच्या मधे असते, पेट्रोलच्या बाजूला किंचित झुकलेली. ती जागा केसाएवढी असते, आणि ती शोधायला मापाचं यंत्र तेव्हा आमच्याकडे कुठलं. कान, नाक आणि प्लगचा रंग.

सहा दिवस मी एरंडोलच्या रस्त्यावर ती गाडी पळवली. सकाळी ऊन चढायच्या आत. पूर्ण जोरात न्यायची, इंजिन एकदम बंद करायचं, तशीच गडगडत थांबवायची आणि प्लग काढून बघायचा. काळा आला तर पेट्रोल जास्त, म्हणून कार्बोरेटरखालचा नट एक कडा वर. पांढुरका आला तर अर्धी कडा खाली. दोन्ही कार्बोरेटर सारखी हवा ओढतात का, ते रबरी नळी कानाला लावून ऐकायचं. बोटं भाजली, कान बधिर झाले. पाचव्या दिवशी चारही प्लग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलाच्या रंगाचे निघाले, आणि गाडी अशी उठली की माझ्या पाठीला सीट चिकटली. मी रस्त्यावर एकटाच हसलो. असं सुख मला पुन्हा कुठल्या कामात मिळालं नाही.

हे सगळं मी फडकं बांधून केलं. मुद्दाम. माघ महिना होता, पारोळा-धुळे रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लटकलेला. पैज गावाबाहेर असली तरी हवा रुईचीच होती. एक तंतू आत गेला असता तर कार्बोरेटरमधला दट्ट्या अडकला असता. म्हणून मी ठरवलं, फडकं राहील. फडक्यामुळं हवा थोडी अडते, तेवढं पेट्रोल मी नटानं कमी केलं. म्हणजे फडकं आता त्या गाडीचा एक भाग झालं होतं, पिस्टन जसा असतो तसा. ते काढलं तर हवा वाढणार आणि पेट्रोल कमी पडणार.

शेठला हे सांगून उपयोग नव्हता, त्याला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नव्हतं. मी भाऊला सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी, शेठच्या अंगणातच.

"भाऊ, उद्या फडकं काढायचं नाही. मी नट फडक्यासकट लावलाय."

तो काच पुसत होता. "हं," म्हणाला.

"ऐकलं ना?"

"माले शिकाडू नको," तो म्हणाला. मला शिकवू नकोस. हसत म्हणाला, पण म्हणाला. मोठ्या भावाला तिसऱ्यांदा कसं सांगायचं? तुमच्यात सांगत असतील, आमच्यात नाही सांगत.

पैजेच्या दिवशी शेठ आणि भाऊ गाडीतून पारोळ्याला गेले. शेठ स्वतः चालवणार होता, पण भाऊ शेजारी बसल्याशिवाय त्याला स्टिअरिंग धरायची हिंमत नव्हती. मी पहाटेच्या सर्व्हिस मोटारीनं पुढं धुळ्याला जाऊन नाक्यावर उभा राहिलो. चहावाल्याच्या बाकावर दोन्हीकडचे सोयरेधायरे जमलेले. कुणी पेढे आणलेले. मी बसलो नाही. उभ्या उभ्या तीन चहा घेतले आणि एकाचीही चव कळली नाही.

अमेरिकन गाडी आली. एकटी.

साडू खाली उतरला, धोतर झटकलं, मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "मुकटीपर्यंत तर माझ्या पुढं होता राव. दिसतच नव्हता. मग बघतो तर रस्त्याच्या कडेला धूर ओकतोय."

मी एका कापसाच्या ट्रकला हात दाखवला आणि वाटेतल्या मुकटी गावाकडे गेलो. लाल गाडी एका निंबाखाली उभी होती. शेठ सावलीत रुमालानं मान पुसत होता. भाऊ बॉनेटपाशी. मी बॉनेट उघडलं आणि आधी प्लगकडे हात नेलाच नाही. कार्बोरेटरकडे बघितलं. दोन्ही तोंडं उघडी होती.

मग प्लग काढला. चुन्यासारखा पांढरा, आणि टोकाला वितळलेल्या पिस्टनचे बारीक मणी चिकटलेले. तिसऱ्या नळकांड्यात तार घातली तर ती थांबायला हवी तिथं थांबली नाही, खाली गेली. पिस्टनला भोक पडलं होतं.

मी भाऊकडे बघितलं. त्याच्या खाकी शर्टाच्या खिशातून मलमलीचं टोक बाहेर आलं होतं. सुतळीसकट. त्याला ते माहीत नव्हतं, किंवा असेल. तो हात पुसत होता, पुसत होता, हाताला काही नव्हतं तरी.

"कशानं झालं?" शेठनं विचारलं.

त्या क्षणाचा मी फार हिशेब केलाय आयुष्यात. भाऊला चार पोरं होती, धाकटीला तेव्हा नुकते दात आलेले. शेठ चुकीला माफी देणारा माणूस नव्हता. आधीच्या ड्रायव्हरला त्यानं एका ओरखड्यासाठी दुसऱ्या दिवशी काढलं होतं. माझी नोकरी शेठकडे नव्हती. माझं जायचं तर फक्त जे अजून मिळालंच नव्हतं ते जाणार होतं. असं सगळं त्या वेळी माझ्या डोक्यात आलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो.

"माझी चूक," मी म्हटलं. "नट जास्त वर राहिला. पेट्रोल कमी पडलं."

भाऊनं तोंड उघडलं होतं. मी त्याच्याकडे न बघता पुन्हा म्हटलं, "माझीच चूक, शेठ. दुसऱ्या कुणाची नाही."

शेठ ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसतं डोकं हलवलं आणि म्हणाला, "उगाच लोकं तुझं नाव घेतात." मग रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकला थांबवलं, पुढं बसला आणि धुळ्याला जेवण सांगायला निघून गेला.

आम्ही दोघं भाऊ राहिलो, गाडीला दोर बांधायला. मी गाठ मारली, त्यानं ती ओढून बघितली. शेवटी भाऊ म्हणाला, "चहा पिशी का?" मी नाही म्हटलं. बस्स, त्या दिवशी एवढंच बोलणं झालं.

शेडमध्ये पुढच्या महिन्यात सरकीच्या पेंडीचं गोदाम झालं. मी रोज कामावर जाताना त्यावरून जायचो, दुसरा रस्ता लांब पडायचा. बायकोनं नारळ चार-पाच महिने ठेवला. मग एक दिवस भाकरीबरोबर खोबऱ्याची चटणी होती. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही, आणि चटणी चांगली झाली होती.

इथवर असतं तर मी हे लिहिलं नसतं. माणसाचं एक स्वप्न जातं, दुसरं येतं, नाही आलं तरी पोट भरतंच. पण भाऊनं पुढं काय करावं?

तो ती गोष्ट सांगायला लागला. आधी ड्रायव्हर लोकांत, नाक्यावर. मग सोयऱ्यांत. मग लग्नात, बारशात, कुठंही चार माणसं भेटली की. धाकल्यानं शेठचं इंजिन कसं जाळलं. हावभाव करून सांगायचा, धूर कसा निघाला, शेठचं तोंड कसं झालं. लोक पोट धरून हसायचे. "हुशार शे मन्हा भाऊ," असं शेवटी म्हणायचा, "पन हात कच्चा शे." दरवेळी गोष्टीत थोडी भर पडायची. एकदा तर त्यानं मला आदल्या दिवशी बजावल्याचं सांगितलं, की बाबा, पेट्रोल कमी ठेवू नकोस. मी तिथंच बसलो होतो, हातात विड्याचं पान घेऊन. मी पानाचा चुना बोटानं सारखा करत राहिलो.

गिऱ्हाईकं विचारायला लागली, "ते इंजिन जाळलं होतं ते तुम्हीच का?" नवीन गाडीवाले दुसऱ्या मिस्त्रीकडं जाऊ लागले. मला राग यायचा, असा राग की हातातला पाना फेकून द्यावासा वाटायचा. आणि तो राग मी सांगणार कुणाला? बायकोला खरं माहीत होतं. ती म्हणायची, तुमच्या भावाला लाज कशी वाटत नाही. मी तिच्यावरच खेकसायचो. माझ्या भावाला बोलायचं नाही म्हणून.

सहा वर्षं हे चाललं. मग भाऊच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, आणि साखरपुड्याला आम्ही सगळे गावी जमलो. भर दुपार, अंगणात पंगत. समोर व्याही मंडळी, त्यांच्यात धुळ्याच्या एसटी डेपोतला एक मिस्त्री. कुणीतरी त्याला सांगितलं की मुलीचा काकाही मिस्त्री आहे. तो कौतुकानं माझ्याकडे वळला. आणि वाढता वाढता भाऊ हसला आणि म्हणाला, "त्याले इचारा, इंजिन कसं जाळतस ते."

मी वरणात हात घातला होता. तो तसाच ठेवून मी म्हटलं, "फडकं तू काढलंस."

मोठ्यानं नाही म्हटलं. पण पंगतीतले हात जागीच थांबले.

"मी सांगितलं होतं काढू नको. तू पारोळ्याला काढलंस. तुझ्या खिशात होतं. मी बघितलं होतं."

मला वाटलं होतं तो नाकारेल. किंवा उठून आत जाईल. सहा वर्षं मी मनातल्या मनात हा प्रसंग घडवत आलो होतो, आणि दरवेळी त्याची मान खाली जायची. ती गेली नाही. त्यानं हातातली पळी खाली ठेवली आणि माझ्यासमोर जमिनीवर उकिडवा बसला, लहानपणी माझ्या पायातला काटा काढायला बसायचा तसा.

"हा, मीच काढं," तो म्हणाला. "बठ्ठ्यास्नी आयका. मीच काढं फडकं. कसाले काढं? तुले शेड मिळो म्हनीसन. गाडी मोकळी पळो म्हनीसन."

मला शेड मिळावी, गाडी मोकळी पळावी, म्हणून त्यानं फडकं काढलं होतं. मी बोलणार होतो. त्यानं हात वर केला.

"आनि मी शेठले सांगनार व्हतू. तिठेच. तोंड उघडं व्हतं मी. तू माले बोलू दिधं का? एकडाव नही, दोनडाव म्हनना तू, मन्ही चूक, मन्ही चूक. मोठा कोन व्हता, तू का मी? मन्ही चूक मन्ही व्हती. ती बी तू लई लिधी." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "सहा वरीस झायात. तवापासून मीच तुन्हा धाकला भाऊ शे."

त्याची चूक त्याची होती, आणि तीही मी घेऊन टाकली, असं तो म्हणत होता. सहा वर्षं तो माझा धाकटा भाऊ होऊन राहिला होता.

व्याह्यांकडचा तो मिस्त्री ताटातल्या भातात बोटं फिरवत राहिला. आणि माझं काय सांगू? तो खरं बोलत होता. निंबाखाली मी त्याची पोरं आठवून बोललो, हे मी स्वतःला सांगितलेलं होतं. त्याचं तोंड उघडलेलं मी बघितलं होतं. तो कबूल करणार आहे हे मला दिसलं होतं. म्हणूनच मी दुसऱ्यांदा घाईनं बोललो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापेक्षा मोठा झालो होतो, आणि शेड गेली तरी ते मला सोडवत नव्हतं. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. एरंडोलच्या रस्त्यावर शेंगदाण्याच्या रंगाचा प्लग हातात आला तेव्हा वाटलं होतं, जवळजवळ तेवढं.

मी ताटात पाणी सोडलं आणि उठलो. वहिनी दारापर्यंत आल्या, भाऊजी, असं जेवण टाकून जाऊ नका म्हणाल्या. पारोळ्याची मोटार अजून तासानं होती, तरी मी चालत निघालो. भाऊनं हाक मारली नाही. मारली असती तर मी थांबलो असतो की नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर त्यानं ती गोष्ट पुन्हा कुठंच सांगितली नाही. मीही नाही. पुढच्या दिवाळीत जीन सुरू झाले, गॅरेजात गाड्या यायला लागल्या, आणि मी दरेक कार्बोरेटरला मलमल बांधू लागलो. ड्रायव्हर विचारायचे, मिस्त्री, गावाबाहेर गेल्यावर काढायचं ना? मी म्हणायचो, तुम्हाला माहीत आहे, तुम्ही मोठे आहात.